तीन गुंठ्यांचे बागायतदार

काथोडशेठ कुणाला व्हिजिटिंग कार्ड देत नसत, सातबारा देत. पांढऱ्या शर्टाच्या वरच्या खिशात, प्लॅस्टिकच्या पाकिटात, चार घड्या घातलेला सातबारा कायम असायचा. नवा माणूस भेटला की आधी पाकिटावरून रुमाल फिरायचा, मग घड्या उलगडायच्या आणि कागद समोरच्याच्या हातात यायचा. “वाच. मंग बोलू.” वाचून झाला की तो पुन्हा घडी करून खिशात ठेवायचे आणि म्हणायचे, “आता तुझा दाखव.”

माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि दिंडोरीकडून भिवंडीला आलो होतो. नाशिककडच्या एका वायनरीचं पूर्णा गावात गोडाऊन होतं, ते सांभाळायची माझी नोकरी. गोडाऊन काथोडशेठचं. माझा सातबारा वडिलांच्या नावावर आहे, असं मी चाचरत सांगितलं. किती? साडेचार एकर. त्यात काय? द्राक्षं. एवढं ऐकल्यावर काथोडशेठनी स्वतः उठून प्लॅस्टिकची खुर्ची उचलली आणि माझ्यासमोर ठेवली. हा मान आमच्या कंपनीच्या साहेबांनाही मिळाला नव्हता, हे मला पुढे कळलं.

दोन हजार चार-पाचचा सुमार. पूर्णा, राहनाळ, वळ हा सगळा पट्टा तेव्हा झपाट्याने पत्र्याखाली जात होता. सकाळी भाताचं खाचर दिसलेल्या जागी महिन्याभराने शटर दिसायचं. काथोडशेठची अकरा एकर भातशेती. ती त्यांच्या मुलाने, प्रकाशने, तुकड्यातुकड्याने काही विकली, काही गोडाऊनं बांधून भाड्याने दिली. हे त्याने इतक्या सफाईने केलं की शेवटी शेती म्हणून कागदावर तीन गुंठे उरले. आमचं गोडाऊन आणि शेजारचं टायरचं गोडाऊन यांच्या मधली ती पट्टी. तिच्यावर मोडके पॅलेट, एक हातपंप आणि काथोडशेठ. गोडाऊनांकडे पाठ करून ते तिथे तासन्‌तास बसत.

त्या तीन गुंठ्यांत त्यांचा जीव अडकला होता. कारण भावनिक असेल असं मला वाटलं होतं, पण ते निघालं सरकारी. “सातबारावर शेतजमीन न्हाय तो शेतकरी न्हाय,” ते बोटं मोडत मला समजवायचे. “आन शेतकरी न्हाय त्याना शेतजमीन इकत घेता येत न्हाय. म्हंजे एकदा बाहेर परलास का परलास. उद्या माझे नातवाना कोनी इचारला, तुझा आजा कोन व्हता, तर काय सांगल? गोडाऊनवाला?” शेवटचा शब्द ते खाताना दाताखाली खडा आल्यासारखा उच्चारत. भिवंडीतली सगळ्यात जास्त शटरं ज्यांच्या मालकीची, अशा चार-पाच जणांत त्यांचं नाव घेतलं जाई, आणि त्या नावाची त्यांना लाज वाटे.

जगातल्या कुठल्याही वस्तूबद्दल त्यांना एकच प्रश्न पडायचा. “कोनाचे नावावर हाय?” नवं देऊळ बांधलं की देव कुठला हे न विचारता ते हे विचारत. एका वरातीत त्यांनी नवरदेवाच्या घोड्याबद्दल चौकशी केली आणि घोडा भाड्याचा निघाल्यावर पुढची सगळी वरात ते नवरदेवाकडे जरा कमी आदराने पाहत होते. माझ्या हातात नवा मोबाइल दिसला तेव्हा त्यांनी मला बिल दाखवायला लावलं. बिल कंपनीच्या नावावर होतं. “मंग तू निस्ता हमाल हायेस त्याचा,” ते म्हणाले आणि त्या दिवसापासून माझा मोबाइल वाजला की गंभीरपणे सांगायचे, “बग रे, कंपनीचा बोलावना आयला.”

वाइनबद्दल मात्र त्यांचं मत पहिल्या घोटात तयार झालं होतं. “ही दारू न्हाय. रुसलेला सरबत हाय.” तरीही पुतण्याच्या हळदीला मी कंपनीतर्फे एक खोका भेट दिला, तेव्हा त्यांनी तो मांडवात सगळ्यात पुढे मांडला. बुचं काढायचं हत्यार मात्र कुणाकडे नव्हतं. एका उत्साही पाहुण्याने स्क्रू-ड्रायव्हर घालून बूच आतच ढकललं. बाटलीतून लाल कारंजं उडालं ते थेट पिवळ्याधमक नवरदेवावर. बायका किंचाळल्या, एक मावशी तर रक्त समजून खाली बसल्या. काथोडशेठ शांतपणे उठले, नवरदेवाच्या गालावरून बोट फिरवलं, चाटलं आणि जाहीर केलं, “काय झालेला न्हाय. पोऱ्या जरा आंबाट झालाय. लगीन व्हऊ द्या.”

पण जी वस्तू आपल्या पत्र्याखाली खोक्यांनी पडून आहे ती येते कुठून, हे पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडेना. एका सोमवारी ते आपली जीप घेऊन दारात हजर. “चल मॅनेजर. तुझी फॅक्टरी दाखव.” कसारा घाट चढून आम्ही वायनरीवर पोहोचलो. फाटकावर निळ्या युनिफॉर्ममधल्या म्हाताऱ्या वॉचमनने सलाम ठोकला. काथोडशेठ कुठल्याही वॉचमनला ओलांडून जात नसत. थांबून त्यांनी त्याला नाव विचारलं, गाव विचारलं, तंबाखू दिली. रंगनाथ, इथलाच, एवढं सांगून म्हाताऱ्याने फाटक उघडलं.

आत एक चुणचुणीत मुलगी पाहुण्यांना फिरवत होती. भिंतीवर लंबगोल चौकटीत झुबकेदार मिशांच्या एका आजोबांचा फोटो होता. आमच्या प्रत्येक बाटलीच्या लेबलवर तेच आजोबा. “आमच्या मालकांच्या आजोबांनी या मातीत पहिला वेल लावला,” ती सांगत होती. “आज ही तिसरी पिढी.” मग सगळ्यांना ग्लास मिळाले. पाहुणे ग्लास गोल फिरवत होते, नाक घालून वास घेत होते, कुणाला त्यात चेरी सापडत होती, कुणाला लवंग. काथोडशेठनीही नाक घातलं, डोळे मिटले आणि विचारलं, “ताई, ही जमीन कोनाचे नावावर हाय?”

मुलगी हसून म्हणाली, प्रश्न शेवटी घेऊ. शेवटी तिने कुणाचेच घेतले नाहीत. म्हणून तिथून आम्ही सरळ तलाठ्याच्या कार्यालयात. काथोडशेठ कुठल्याही तलाठ्याशी पाच मिनिटांत मामेभाऊ असल्यासारखे बोलू शकत. तासाभराने ते फेरफारांच्या नकला घेऊन बाहेर आले आणि जीपमध्ये बसून त्यांनी त्या मला पेपर वाचून दाखवावा तशा वाचून दाखवल्या. कंपनीने जमीन घेतली त्याला जेमतेम सहा वर्षं झाली होती. त्याआधी तीन भावांच्या नावावर. त्याआधी त्यांच्या बापाच्या. “आन मिशावाला आजोबा?” त्यांनी नकला उलटसुलट केल्या. “यो तर कंदी इकरं आयलाच न्हाय!”

मला हसू आवरेना. ऑफिसात मी ऐकलं होतं ते सांगून टाकलं. लेबल करणाऱ्यांनी जुन्या फोटोंच्या ढिगातून तो फोटो उचलला होता, मिशा चांगल्या होत्या म्हणून. काथोडशेठ जीपचं स्टिअरिंग थोपटत हसले. मग पुन्हा कागद पाहिला आणि हसू थांबलं. तीन भावांपैकी थोरल्याचं नाव त्यांनी बोटाने दाखवलं. रंगनाथ.

जीप वळवून आम्ही पुन्हा फाटकावर. रंगनाथबाबाने पुन्हा सलाम ठोकला. काथोडशेठनी खाली उतरून त्याचा हात खाली घेतला. “बाबा, ही बाग तुझी व्हती?”

“व्हती ना. निम्मे वेल मह्या हातचे,” तो साधेपणाने म्हणाला. “भावांना पैसा पाहिजे व्हता, इकली. आता इथंच ड्युटी हाये. वेलांवर लक्ष राहतं जरा.” त्यात तक्रार नव्हती, आणि तेच ऐकवत नव्हतं. निघताना तो कुंपणाआड गेला, त्याने तीन काड्या कापल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि काथोडशेठच्या हातात दिल्या. मालकाला विचारलं नाही. काथोडशेठनीही, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, कोणाच्या नावावर आहे हे विचारलं नाही.

ते जीप चालवत घाट उतरले. शहापूरजवळ कधीतरी म्हणाले, “मॅनेजर, उद्या प्रकाशनी माना आपलेच गेटवर बसवला, तर युनिफॉर्म कनचे रंगाचा देल?” मी हसलो, कारण ते हसवण्याच्या आवाजात बोलले होते. त्यांनी मात्र माझ्याकडे पाहिलं नाही.

तीन काड्यांपैकी एक जगली. ती तीन गुंठ्यांच्या बरोबर मध्ये लागली. काड्या काळ्या द्राक्षाच्या की हिरव्या, हे रंगनाथबाबाला विचारायचं राहून गेलं होतं. मी, बागायतदाराचा मुलगा म्हणून, सगळे धोके सांगितले. इथली जमीन खारी, पाऊस तुफान, दमट हवेत पानांवर केवडा, भुरी असे रोग येणार. ते ऐकत आणि म्हणत, “मी सत्तर वर्षं इथं काढली, माना काय झाला?” मी औषधं आणून दिली, त्यांनी ती वेळापत्रक लावून फवारली. बांबू, अँगल, केबल टाकायच्या जुन्या पट्ट्या, जे मिळेल त्याचा मांडव झाला. आणि खरंच, वेल मांडवावर चढला.

ऑक्टोबरात मी कात्री घेऊन गेलो. द्राक्षाला फळ हवं तर पाऊस उघडल्यावर काड्या छाटाव्याच लागतात. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. काथोडशेठ वेलाच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभे राहिले. “कापायचा न्हाय.”

“शेठ, छाटल्याशिवाय घड येत नाही.”

“अकरा एकर कापली. ह्याचा पन तुकरा करू?”

मी शास्त्र सांगितलं, माझ्या वडिलांचा दाखला दिला, शेवटी चिडलो. ते हलले नाहीत. त्यामुळे त्या हिवाळ्यात वेल गोडाऊनच्या पत्र्याला जाऊन भिडला आणि त्यावर एक मणीसुद्धा आला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते अभिमानाने दाखवत, “पानां बग केवरी!” लोक पानं बघत आणि पुढे जाऊन हसत.

इतक्यात आमच्याच कंपनीने घोळ घातला. पूर्वी छोटे ट्रक यायचे, आता लांबलचक कंटेनर येऊ लागले. त्यांना वळायला जागा नाही, मोठ्या रस्त्यापर्यंत उलटं जावं लागे, आणि ड्रायव्हर तीन भाषांत आमचा उद्धार करत. मुख्य ऑफिसचं पत्र आलं: दोन गोडाऊनांमधली पट्टी सिमेंट करून वळायला द्या, नाहीतर पुढच्या मार्चला करार संपला की आम्ही दुसरीकडे जाऊ. हे पत्र काथोडशेठच्या घरी न्यायची पाळी माझ्यावरच आली. प्रकाशने ते दोनदा वाचलं. तो वाईट मुलगा नव्हता. बापाला नवे कपडे, डॉक्टर, तीर्थयात्रा, कशात कमी करत नसे. फक्त त्याला जमीन म्हटली की चौरस फूट दिसत.

“एक वेल, बाबा,” तो म्हणाला. “त्याला पन फल न्हाय. त्याचेसाठी एवरा मोठा गिऱ्हाईक घालवू? पानांवर कोन शेतकरी व्हतो का?”

 साहेब स्वतः जागा बघायला येणार होते, होळीच्या आदल्या आठवड्यात. तेवढी तारीख काथोडशेठनी माझ्याकडून नीट विचारून घेतली.

त्या दिवशी सकाळी मी गोडाऊनवर पोहोचलो आणि जागीच उभा राहिलो. वेल द्राक्षांनी लगडला होता. चाळीसेक घड तरी असतील. टपोरे, पुसलेले, चमकणारे. खाली स्टुलावर काथोडशेठ उभे आणि स्टूल धरून मुनीरभाई. मुनीरभाई म्हणजे भिवंडीतले जुने लूमवाले, काथोडशेठचे शाळेपासूनचे दोस्त. त्यांच्या काखेत हिरव्या धाग्याचा कोन, म्हणजे लूमवरचं मोठं रीळ, होता.

“देठासारखाच रंग आहे का नाही?” मुनीरभाई मला म्हणाले. “चार कोन बघितले, मग हा जमला. पॉलिएस्टर आहे. वेल तुटेल, धागा तुटणार नाही. गॅरंटी.”

मी जवळ जाऊन पाहिलं आणि डोक्याला हात लावला. “शेठ! एका वेलावर अर्धे घड काळे आणि अर्धे हिरवे?”

“मंग?” ते स्टुलावरून म्हणाले. “आपला वेल काला का हिरवा, तुना तरी माहीत हाय का? दोनी बांधले. येक तरी बरोबर निंगल.”

मी काही बोलणार तोच गाडी आली. आमचे साहेब मूळचे बिल्डर. वायनरी विकत घेतल्यापासून ते भर उन्हात गळ्यात रेशमी रुमाल बांधत. बागेत ते फक्त फोटोपुरते जात. त्यांच्यासोबत प्रकाश होता, हातात मोजणीची टेप घेऊन. साहेबांनी वेल पाहिला आणि चष्मा काढला.

“एकाच वेलावर दोन्ही?”

“खारी जमीन हाय साहेब,” काथोडशेठ हात जोडून म्हणाले. “तिना मनात आला ते देते.”

मी जमिनीकडे पाहत होतो. साहेब मांडवाखाली गेले, दोनदा फेरी मारली. “विलक्षण,” ते म्हणाले. “भिवंडीत! हे तर लेबलवर यायला हवं. प्रकाशशेठ, टेप गुंडाळा. हा वेल काढायचा नाही. कंटेनरचं काहीतरी बघू.” काथोडशेठनी माझ्याकडे पाहून एक डोळा मिटला. एवढा आनंदी चेहरा मी त्यांचा त्याआधी पाहिला नव्हता. साधारण दीड मिनिट ते जिंकलेले होते.

मग साहेबांनी एक घड तोडायला हात घातला. घड तुटेना. साहेबांनी जोर लावला. आता मुनीरभाईंची एक खोड. लूमवाला माणूस, धागा उगाच तोडायचा नाही हे हाडात मुरलेलं. त्यांनी चाळीसच्या चाळीस घड एकाच अखंड धाग्याने ओवत नेले होते. साहेबांनी हिसका दिला तसा पहिला घड सुटला, त्याच्यामागून दुसरा, तिसरा, आणि मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी-हिरवी वरातच खाली उतरली. शेवटचे तीन घड साहेबांच्या रेशमी रुमालात अडकले. माल उतरवणारे माथाडी पोटं धरून बसले. मुनीरभाई हळूच म्हणाले, “बोललो होतो ना, धागा नाही तुटणार.”

साहेब तडक गाडीत बसून गेले. स्वतः फसलो हे त्यांना कुठे सांगायचं नव्हतं, म्हणून जागेचा विषय त्यांनी त्यानंतर काढलाच नाही. पण पूर्ण्यात दुसरा विषय नव्हता. पोरं काथोडशेठना पाहून शर्टाची बटणं धाग्याने ओढून दाखवत. प्रकाशला हे सहन झालं नाही. चार माणसांत तो बापासमोर उभा राहिला. 

“पुढचे होलीपर्यंत ह्या वेलावर येक खरा घड दाखवा. येक! मी ह्या जागेना कंदी शिवनार न्हाय. न्हायतर होलीचे दुसरे दिवशी जेसीबी.”

“लिवून दे,” काथोडशेठ म्हणाले.

आणि खरंच लिहून घेतलं. स्टॅम्प पेपरवर, बाप आणि मुलामध्ये, “सदर वेलावर नैसर्गिकरीत्या उगवलेला एक घड” अशा शब्दांत. साक्षीदार म्हणून मी आणि मुनीरभाई. मुनीरभाईंची सही घेताना प्रकाशने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते घाईघाईने म्हणाले, “मी आता कॉटनच करतो.”

ऑक्टोबरात पाऊस उघडला. एका दुपारी काथोडशेठ माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. “कात्री आन,” एवढंच बोलले. काडीकाडीवर मोजके डोळे, म्हणजे फूट निघायच्या जागा, ठेवत मी छाटायला लागलो आणि ते वेलाकडे पाठ करून बसले. प्रत्येक खट्‌ आवाजाला त्यांचे खांदे हलत. “अजून किती?” “झालंच.” “मघाशी पन झालाच बोल्लास.” संपलं तेव्हा मांडवावर बोडके दांडे उरले होते. ते उठून जवळ आले, कापलेल्या टोकांवरून बोट फिरवलं. मला वाटलं, रागावणार. म्हणाले, “आता तू म्हनशील ती फवारनी. पन फल न्हाय आला तर तुझे बापाना मी फोन करनार.”

डिसेंबरात त्या वेलावर एक घड धरला. दोन नाही, एक. काथोडशेठनी त्याला सुती कापडाची टोपी शिवून घातली. पाखरांपासून आणि प्रकाशपासून, असं ते म्हणत. पाऊस लांबला होता, छाटणीही उशिरा झाली, त्यामुळे फळ मागे पडलं. बरेच मणी गळाले. रोज सकाळी टोपी वर करून ते मोजत. होळीच्या चार दिवस आधी एक-दोन मण्यांवर जांभळी झाक आली तेव्हा त्यांनी मला गोडाऊनमधून ओढत नेलं. “काला! काला हाय! रंगनाथना फोन लाव!” वायनरीच्या गेटवर फोन लावला. पलीकडून म्हातारा म्हणाला, “मंग? मी काय हिरवा देईन व्हय?”

होळीच्या दुसऱ्या दिवशी, ठरल्याप्रमाणे, तीन गुंठ्यांवर दहाबारा माणसं जमली. गावातली चार मोठी मंडळी, मुनीरभाई, दोन-तीन माथाडी, मी, प्रकाश. रस्त्यावर पिवळा जेसीबी उभा. काथोडशेठ धुतलेलं धोतर नेसून आले होते. त्यांनी टोपी काढली. घड सगळ्यांनी पाहिला आणि कुणीही घडाकडे पाहिलं नाही. जो तो धागा शोधत होता.

एकाने चष्मा लावून देठ तपासला. दुसऱ्याने मागून बॅटरी मारली. “मुनीरभाई, कनचा धागा ह्यो?” मुनीरभाई कानाला हात लावत म्हणाले, “खुदाची कसम, मी नाही दिला.” लोक आणखीच हसले. काथोडशेठ हसत नव्हते. मागच्या होळीला त्यांनी साहेबांना टोपी घातली होती, आणि आता खरं बोलताना त्यांच्याकडे पुरावा म्हणून फक्त द्राक्षं होती. मला त्यांची फार दया आली.

“ह्या खेपेला गोंद लावला का बाबा?” प्रकाशने विचारलं आणि हात पुढे केला.

“बग. पन वढू नको. पंधरा दिस थांब, अजून कच्चा हाय.”

प्रकाशने ओढला. घड लगेच आला नाही. मग काडीचा तुकडा घेऊन आला. जिथून तुटला तिथे हिरवी ओली जखम होती, आणि तिथून पाणी गळत होतं. धागा नव्हता, गोंद नव्हता. प्रकाश हातातल्या घडाकडे बघतच राहिला. आजूबाजूचं हसू थांबलं. जेसीबीवाल्यानेसुद्धा इंजिन बंद केलं.

मला वाटलं, काथोडशेठ आता मुलाच्या कानाखाली देतील. तसं त्यांनी केलं असतं तर प्रकाशलाही बरं वाटलं असतं. त्यांनी त्याच्या हातातून घड काढून घेतला, मणी मोजले आणि एकेकाच्या हातावर एकेक ठेवत गेले. आधी गावच्या मंडळींना, मग मुनीरभाईंना, माथाड्यांना, मला. प्रकाशच्या हातावर ठेवताना क्षणभर थांबले, पण ठेवला. एक स्वतःला राहिला. सगळ्यांनी एकदम तोंडात टाकला.

मी जन्मभर द्राक्षं खाल्ली आहेत. असलं आंबट फळ पुन्हा खाल्लं नाही. दात करकरले, डोळ्यांत पाणी आलं. गावच्या मोठ्या मंडळींचे चेहरे आक्रसले. पण कुणी थुंकलं नाही. प्रकाशने मणी बियांसकट गिळला.

“गोड हाय, बाबा,” तो म्हणाला.

मग सगळेच म्हणू लागले, गोड हाय, लय गोड हाय. काथोडशेठनी आपला मणी चावला. एक डोळा मिटला, जबडा घट्ट झाला, मान थरथरली.

“खोटा बोलता सगली,” ते म्हणाले. “आंबाट हाय. चिचेपेक्षा आंबाट हाय. पन माझे शेतातला हाय.”

प्रकाश जेसीबीवाल्याकडे गेला आणि त्याला परत पाठवलं. आमच्या कंपनीने जागा पुन्हा मागायची वेळच आली नाही, कारण त्याच उन्हाळ्यात साहेबांनी वायनरी एका मोठ्या दारू कंपनीला विकली. मालक बदलला, गोडाऊन बंद झालं, लेबलवरचे आजोबा तेवढे राहिले. मी निरोप घ्यायला गेलो तेव्हा काथोडशेठ म्हणाले, “नवे मालकाना सांग, त्या मिशावाल्याचे नावावर येक गुंठा तरी करा. बिचारा फुकट राबतंय.” मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या खिशात हात घालून पाहिला आणि म्हणाले, “अजून सातबारा न्हाय? बापाशी बोल.”

दोन वर्षांनी भादव्यात ते गेले. बाराव्याला मी पूर्ण्याला पोहोचलो तेव्हा अंगणात माणसं दाटली होती. प्रकाशने डोकं केलं होतं, त्यामुळे तो एकदम बापासारखा दिसत होता. माणसं पांगल्यावर तो मला बाजूला घेऊन गेला. आता काही कागदपत्रांचं बोलणार असं वाटून मी मन घट्ट केलं.

“पाऊस उघडंल आता,” तो खाली बघत म्हणाला. “मागची दोनी वर्षं बाबांनीच छाटला. माना हात लावू दिला न्हाय, बोलले तुझा हात जड हाय. काडीवर डोले किती ठेवायचे असतात?”

मी सांगितलं. त्याने आपल्याच बोटाच्या पेरांवर मोजून पाहिलं आणि चुकू नये म्हणून पुन्हा एकदा विचारलं.